पायातला व्हॉल

आमच्या भागातला पहिला व्हॉल मशिदीच्या कोपऱ्यावर आणि शेवटचा पिंपळापाशी. मधे विजेचे एकोणीस खांब. वीस-बावीस वर्षं मी त्या रस्त्यानं पाणी सोडत फिरलो, पण खांब कधी मोजले नव्हते. पाय दुखायला लागला तेव्हा मोजायला लागलो. पहिल्यांदा नऊ खांब चालल्यावर डावी पोटरी धरायची, आतून कुणी पीळ घातल्यासारखी. थांबलं की सुटायची. पुढं सहा खांबांवर धरायला लागली. आणि ज्या वर्षी धरणाचा तळ उघडा पडला, त्या वर्षी तीन खांबांवर.

मी पाण्याचा लाइनमन. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याच्याखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल. त्यात छातीएवढी उंच चावी घालून फिरवली की त्या गल्लीला पाणी जातं. शाळा माझी चौथीपर्यंत. आधीच्या एका दुष्काळात गावाकडं हाताला काम नव्हतं म्हणून शहरात पाइपाचे चर खोदायला आलो. तेव्हा याला औरंगाबाद म्हणायचे आणि गारखेड्याच्या पुढं ज्वारी असायची. खोदलेल्या चरात पाइप पडले, पाइपात पाणी आलं, आणि मुकादम म्हणला, ज्याला लाइन कुठून कुठं गेली ते पाठ आहे त्याला ठेवा. मला पाठ होतं. कागदावर नाही, पायाला.

चावी फिरवण्यात काय शिकायचं, असं लोकांना वाटतं. चावीचा एक पुरा फेरा म्हणजे एक आटा. आमचा मोठा व्हॉल बावीस आट्यांचा. नवा माणूस भराभर फिरवतो. रिकाम्या पाइपात पाणी एकदम धावतं आणि जुना सांधा फुटतो, मग रस्ता खोदा. मी पाव आटा फिरवायचो, थांबायचो, चावीला कान लावायचो. आतून आवाज येतो. तो आवाज ठरला की पुढचा पाव. माझ्या हातून कधी सांधा फुटला नाही. हे मी लई जणांना सांगितलंय, आता लिहून पण ठेवतो.

शहर वाढत गेलं तसं त्याच जुन्या लाइनीला नव्या वस्त्या जोडत गेले. पाणी तेवढंच, तोंडं दहापट. दुष्काळात तर आठवड्यानं पाळी यायची. एका टोकाला पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाच्या बाया हंडे घेऊन अंगावर यायच्या.

"ओ लाइनमन, आमच्या गल्लीनं काय पाप केलंय?"

"तुमच्या गल्लीनं मोटारी लावल्यात. पहिली चार घरं ओढून घेतात. त्यांना विचारा."

"विचारू काय, झिंज्या उपटते त्यांच्या. तुमी अजून दहा मिनटं सोडा."

सोडायचो. गल्लीच्या टोकाच्या घराला दोन हंडे भरल्याशिवाय मी व्हॉल बंद केला नाही. त्यासाठी साहेबाचं बोलणं खाल्लं, पण कुणाचा चहा प्यालो नाही. पाणी चढायची वाट बघत खड्ड्याच्या कडेला बसायचो आणि विडी ओढायचो. एका व्हॉलला एक विडी, लांबच्या व्हॉलला दोन. दिवसाचं बंडल संपून दुसरं फोडलेलं असायचं.

पाय धरला की मी काय करायचो, तर वाकून एखाद्या झाकणाची माती झटकायचो. लाइनमन झाकणापाशी थांबला तर कुणाला नवल वाटत नाही. मग पोटरी सुटायची आणि मी पुढं निघायचो. वर्षभर मी असं सगळ्या गावाला फसवलं. बायकोला नाही फसवता आलं. ती एक दिवस म्हणली, "तुमी हल्ली येताना चप्पल का ओढता?"

"चप्पल ढिली झालीय."

"दाखवा."

"तुला चप्पल काय दाखवायची!"

तिनं दुसऱ्या दिवशी नवी चप्पल आणून उंबऱ्यात ठेवली. मी ती घालून पण पाय ओढत आलो. ती भाकरी टाकता टाकता नुसतं बघत राहिली.

मग अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडायला लागलं. रात्री आडवं झालं की पाऊल आगीत धरल्यासारखं व्हायचं, खाटेखाली लोंबतं सोडलं की जरा बरं वाटायचं. तळवा हाताला गार लागायचा. उन्हाळा असा की पत्र्याला हात लावला तर फोड यावा, आणि माझं एक पाऊल माठासारखं गार.

आता इथं मी जे केलं ते लाइनमनशिवाय कुणी करणार नाही. लाइनच्या शेवटाला पाणी येईना, घाण येत असेल, तर आम्ही काय करतो? टोकाचं बूच उघडतो. आधी काळं पाणी निघतं, गाळ निघतो, मग चांगलं पाणी यायला लागतं. आम्ही त्याला वॉशआऊट म्हणतो. मी खाटेवर बसून माझ्या बोटाकडं बघितलं. म्हणलं, हे शेवटचं टोक. इथं खराब रक्त साचलंय. बूच उघडलं की मागून चांगलं येईल.

बायको रेशनला गेली होती. नवं ब्लेड आणलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, बोटाच्या शेंड्याला चीर दिली. चांगली खोल.

काळं पाणी आलं नाही. लाल पण आलं नाही. थोडं चिकट काहीतरी पाझरलं आणि थांबलं. मी बोट दाबलं, पिळलं. काही नाही. माणूस जिता आहे, बोट कापलंय, आणि रक्त येत नाही. आयुष्यात मी विहिरीत उतरलोय, दरडीखाली कमरेपर्यंत गाडला गेलोय, पण त्या दिवशी जसा घाबरलो तसा कधी नाही. ब्लेड कागदात गुंडाळून पत्र्याच्या फटीत खोचलं, बोटाला चिंधी बांधली आणि गमबूट घालून कामावर गेलो.

पंधरा दिवस गमबूट काढला नाही, म्हणजे बायकोसमोर काढला नाही. ती चीर भरायच्या ऐवजी वाढत गेली. बोट कोळशासारखं झालं. शेवटी वासानं चोरी पकडली. मी अंघोळीला गेलो असताना तिनं गमबूट उलटा करून उन्हात धरला, चिंधी खाली पडली. मी बाहेर आलो तर ती रिक्षावाल्याला दारात उभा करून, डोक्यावर पदर घेऊन तयार.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात."

"तुला काय झालं?"

"मला नवरा झालाय. चला."

सरकारी दवाखान्यात आधी एका खिडकीवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या ठिकाणी एक डॉक्टरीणबाई होत्या. पोटाची आणि रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करणाऱ्या. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी आधी बोटाकडं बघितलंच नाही. जांघेत दोन बोटं ठेवली, थांबल्या. गुडघ्यामागं ठेवली, थांबल्या. घोट्यापाशी, पावलावर. डोळे मिटून. मला ते बघून एकदम ओळखीचं वाटलं, पण कशासारखं ते तेव्हा सुचलं नाही.

"जांघेत ठोका आहे. खाली कुठंच नाही," त्या म्हणल्या. "साखर तपासली?" रिपोर्ट बघितला. "साखर नाही. विडी आहे ना, बाबा?"

"हाय थोडीशी."

"दोन बंडलं," बायको मागून म्हणली.

मग त्यांनी चिंधी काढली. "ही चीर कुणी दिली?"

बायको माझ्याकडं बघायला लागली. शेवटी मी सांगितलं. वॉशआऊट काय असतं ते पण सांगितलं. शेजारची शिकाऊ पोरं तोंड फिरवून हसली. बाई नाही हसल्या. त्यांनी मला नीट विचारलं, "बाबा, टोकाला पाणी येत नसेल तर तुम्ही आधी बूच उघडता, की मागं लाइन कुठं बंद आहे ते शोधता?"

मी म्हणलं, "आधी शोधतो."

"मग स्वतःच्या पायाला का नाही शोधलं?"

वीस-बावीस वर्षांत माझ्या कामातली चूक कुणी अशी दाखवली नव्हती, आणि दाखवली ती ज्यांनी कधी चावी हातात धरली नव्हती अशा बाईंनी. राग यायला पाहिजे होता. आला पण. पण त्या रागाखाली बरं पण वाटलं, हे आज कबूल करतो. वर्षभर मी एकटाच त्या पायाशी भांडत होतो. आता दुसरं माणूस आलं होतं, आणि त्याला काम कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नळी घालून रंगाचं औषध सोडून फोटो काढले. बाईंनी पडद्यावर दाखवले. काळी रेघ जांघेतून खाली येते, मांडीच्या मधे संपते, आणि गुडघ्याच्या खाली बारीक होऊन पुन्हा दिसते. मधे काही नाही. एक वीत कोरडी लाइन.

"इथून इथंपर्यंत चोंदलंय," बाई म्हणल्या. केस पेपरच्या पाठीवर पेनानं रेघ काढली आणि शेजारून दुसरी, वळसा घालून खाली जोडली. "हे मोकळं होणारं नाही. बाजूनं नवी लाइन टाकावी लागेल. बोट गेलंच, ते काढावं लागेल. पाऊल वाचवायचा प्रयत्न करू."

"टाका की मग."

"दोन अटी. विडी आजपासून बंद, कायमची. आणि दोन कागदांवर सही. एक या ऑपरेशनचा. दुसरा, हे चाललं नाही आणि विष वर चढायला लागलं, तर गुडघ्याखाली पाय काढायचा."

पहिल्या कागदावर मी लगेच सही केली. सही मला येते, अंगठा मी कधी दिला नाही. दुसरा कागद मी बाजूला सारला.

"पाय कापायला मी सही देणार नाही."

"कापणार असं नाही म्हणत. वेळ आली तर."

"वेळ आली तर मला मरू द्या. पाय न्हाई द्यायचा."

"मग पहिलं ऑपरेशन पण मी करणार नाही," त्या म्हणल्या. आवाज चढवला नाही. "हात बांधून घेऊन मी आत जात नाही. दोन दिवस आहेत, बाबा. त्याच्या पुढं मला विचारू पण नका, कारण विचारून उपयोग नसेल."

आणि निघून गेल्या.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर गंगापूरकडचा एक पाव्हणा होता. त्याच्या आतड्याला पीळ पडला होता, पोट उभं फाडून सरळ केलेलं. नाकात नळी, तोंडाला पाणी नाही. पोटाच्या ऑपरेशनानंतर आतडं चालू झालं की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं, ते म्हणजे वारा सरला का. तोवर पाणी नाही. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर यायचे, सिस्टर यायच्या, झाडूवाली मावशी पण यायची आणि सगळे त्याला एकच विचारायचे. त्याचा मोठा भाऊ खाटेपाशी कान देऊन बसलेला. पाव्हणा भल्या घरचा, मिशीवाला माणूस, शरमेनं अर्धा झाला होता.

मी पहिल्या दिवशी त्याला हसलो. "पाव्हणं, पूर्ण वॉर्ड तुमची वाट बघतोय."

तो नाकातल्या नळीतून बोलल्यासारखा म्हणला, "हसा. तुमाला निदान पाणी तरी मिळतंय."

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून बसलो होतो. विडीची तलफ डोक्यात, पायात जाळ, आणि तो कागद उशीखाली. पाव्हण्यानं विचारलं, "सही का करीना तुमी?"

"माझं काम पायाचं हाय. पाय गेला तर मी कोण?"

"आणि आत्ता कोण हाय?" तो म्हणला. "काल सांगत होता, तीन खांबाला बसावं लागतं म्हणून. आता तर संडासला पण वहिनीचा खांदा लागतो. पाय हाय म्हणता, पर चालतंय कोण?"

मला असा राग आला की मी त्याच्याकडं पाठ केली. पाठ केली तर समोर बायको. ती डब्यातली भाकरी कुस्करत होती. मान वर न करता म्हणली, "एका पायावर घरी आलात तर मी भाकरी वाढीन. रोज वाढीन. तुमी आलाच न्हाईत तर कुणाला वाढू?"

एवढंच. रडली नाही. कुस्करलेली भाकरी माझ्यापुढं सरकवली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी कागद बाहेर काढला, पण सही करायच्या आधी विचारलं, "नवी लाइन टाकणार म्हणता, पाइप कुठला वापरणार? प्लास्टिकचा?"

"तुमचाच. उजव्या पायात कातडीखाली एक लांब शीर असते. तिच्याशिवाय चालतं. ती काढून इकडं बसवते. फक्त उलटी करून बसवावी लागते."

"उलटी का?"

"शिरेत व्हॉल असतात, बाबा."

मला वाटलं चेष्टा करतात. "माझ्या पायात व्हॉल?"

"सगळ्यांच्या पायात. रक्त खालून वर चढवायचं असतं ना, ते मागं फिरू नये म्हणून देवानं टप्प्याटप्प्यावर बसवलेत. एकाच बाजूला उघडतात. मला तर रक्त वरून खाली न्यायचंय. सरळ बसवली तर तुमचेच व्हॉल वाट अडवतील. म्हणून उलटी."

असा एका बाजूला उघडणारा व्हॉल टाकीच्या पाइपाला असतो, मी स्वतः बसवलेत, आणि एकदा उलटा बसवून दिवसभर शिव्या पण खाल्ल्यात. साठी जवळ आली, वीस वर्षं व्हॉल फिरवले, आणि माझ्या अंगात ते आहेत हे मला माहीत नाही. त्या बाईंना माहीत होतं, आणि ते कुठल्या तोंडानं बसवायचे हे पण माहीत होतं. ज्याला हे कळतं त्याच्या हातात लाइन द्यायला हरकत नाही.

मी दुसऱ्या कागदावर सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. काना-मात्रा बघून.

ऑपरेशनला पूर्ण भूल दिली नाही. छातीला धुरळा बसलाय म्हणाले, म्हणून पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग मारलं. गळ्यापाशी हिरव्या कापडाचा आडपडदा. मी जागा. दोन्ही पाय पडद्याच्या पलीकडं, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. उशाला भुलीचे डॉक्टर बसले होते, अधूनमधून विचारायचे, "काका, ठीक?" मी म्हणायचो, "ठीक." बाईंचा आवाज पलीकडून यायचा, कमी, एका पट्टीत. धागा. पकड. पुसा. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. वरच्या दिव्याकडं बघून मी आमच्या भागातले सगळे व्हॉल क्रमानं म्हणत होतो.

मग बाई म्हणल्या, "झालं. वरची पकड सोडते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकदम सोडू नका!"

सगळे थांबले. भुलीचे डॉक्टर उठून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला शरम वाटली, पण गप्प बसवेना. "सांधा नवा हाय बाई. एकदम सोडलं तर फुटंल."

मग बाई म्हणल्या, "किती आटे सोडू, बाबा?"

"पाव. थांबा. मग पाव."

"बरं. पाव सोडला." थोडा वेळ गेला. "सांधा कोरडा आहे. अजून पाव."

कुणी हसलं नाही, निदान मला ऐकू आलं नाही. त्या तसंही हळूच सोडणार होत्या, हे मला आता कळतं. मी सांगायची काही गरज नव्हती. पण आपल्या उघड्या मांडीवर काम चाललंय आणि काम करणारं माणूस आपल्याला त्या कामातलं समजून विचारतंय, हा मान मला आयुष्यात कुठल्या साहेबानं दिला नव्हता.

नंतर त्यांनी पावलावर पेनासारखं एक यंत्र धरलं. त्याला छोटा डबा जोडलेला, त्यातून आवाज येतो. आधी नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली. खरखर. पुन्हा जागा बदलली, आणि आलं: फुस्स... फुस्स... फुस्स.

हा आवाज मला ओळखू येणार नाही तर कुणाला? आठ दिवसांनी पाणी सोडलं की टोकाच्या घरातला नळ आधी असाच बोलतो. हवा सोडतो, दम घेतो, पुन्हा सोडतो. घरातली बाई तिथंच हंडा लावून बसलेली असते. तिला माहीत असतं की आता येणार.

"ऐकू येतंय का?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली. पडद्याच्या पलीकडून त्यांना माझी मान दिसणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं चादर वर करून पावलाला हात लावला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा. "गरम हाय," ती म्हणली. मग दोन्ही हातांत पाऊल धरून बसली. वॉर्डात माणसं होती, मी म्हणलं, "सोड की, लोक बघतात." तिनं सोडलं नाही.

काळं बोट आठवड्यानं काढलं, शेजारचं अर्धं पण गेलं. ज्या दिवशी ते काढलं, त्याच दिवशी गंगापूरच्या पाव्हण्याचं काम झालं. त्याला म्हणे अजून एक दिवस लागला असता तर पुन्हा पोट उघडणार होते. त्याच्या भावानं वॉर्डाच्या दारात जाऊन ओरडून सांगितलं, "झालं! झालं!" झाडूवाल्या मावशीनं टाळी वाजवली. सिस्टरनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं आणि तो मिशीवाला माणूस ते एक चमचा पाणी तोंडात घोळवून घोळवून प्याला. मी त्याच्याकडं बघितलं, तो माझ्याकडं. "पाव्हणं, जिंकलात," मी म्हणलं. आणि ऑपरेशनाआधी ज्यासाठी त्याच्याकडं पाठ केली होती त्याबद्दल हात जोडले. त्यानं सलाइन लावलेला हात हलवून ते उडवून लावलं.

विडीचं काय म्हणाल तर सुटता सुटता जीव गेला. दोनदा चोरून ओढली, घरी गेल्यावर. दुसऱ्यांदा ओढली त्या दिवशी तपासणीची तारीख होती. बाईंनी पावलावर बोटं ठेवायच्या आधीच म्हणलं, "ओढलीत." माझ्या शर्टाला वास होता. त्या रागावल्या नाहीत. म्हणल्या, "बाबा, ती शीर आता एकच आहे. दुसऱ्या पायातली मी काढून घेतलीय. ही चोंदली तर माझ्याकडं दुसरा पाइप नाही." त्यानंतर मी विडीला हात लावला नाही. शपथ घेतली नाही, कुणाच्या पाया पडलो नाही. पाइप शिल्लक नाही हे मला समजलं.

कामावर पुन्हा गेलो, पण एकोणीस खांब माझ्याकडं राहिले नाहीत. साहेबानं टाकीवर बसवलं. नव्या लाइनमनाला मी पाव आट्याचं शिकवायला गेलो तर तो म्हणला, "मामा, आता मोटारीचे व्हॉल येणार हायेत, बटन दाबायचं." येऊ देत. निवृत्त होईपर्यंत मी टाकीवरून रोज पिंपळापर्यंत चालत जायचो आणि चालत यायचो, न थांबता. झाकणाची माती झटकायची गरज पडली नाही. पिंपळापाशी टोकाच्या घरातल्या म्हातारीनं एकदा विचारलं, "आता तुमच्याकडं चावी न्हाई, मग कशाला येता हो इथवर?" मी म्हणलं, "बघायला, पोचतो का."

बाईंसाठी मी एकदा दौलताबादकडचे पेरू नेले. पहिल्या चांगल्या पावसाच्या साली आले होते ते. इतक्या वर्षांत कुणापुढं मान वाकवली नव्हती, त्यामुळं कशी वाकवायची तेही धड येत नव्हतं. पेरूची पिशवी टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. त्यांनी एक पेरू काढला, तिथंच धुतला आणि बाहेर रांग असताना उभ्या उभ्या खाल्ला. बिया चावत म्हणल्या, "पाणी कसं आहे, बाबा?" मी म्हणलं, "टोकापर्यंत हाय." त्या पुढं दुसऱ्या शहरात बदलून गेल्या. कुठं गेल्या ते मला कुणीतरी सांगितलं, पण माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांची बोटं लक्षात आहेत. डोळे मिटून, दोन बोटं टेकवून, थांबून ऐकणारी. आम्ही चावीला कान लावतो तशी.

त्यांनी सांगितलं होतं, रोज सकाळी पावलावरचा ठोका बघायचा, ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी पळत यायचं. मी लई प्रयत्न केला. पण चावी फिरवून फिरवून माझ्या बोटांना इतके घट्टे पडलेत की त्यांना काही लागत नाही. मग ते काम बायकोकडं गेलं. आता दोघंही म्हातारी झालो. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती खाटेच्या पायथ्याशी बसते, पदराला हात पुसते आणि माझ्या पावलावर दोन बोटं टेकवते. कधी लगेच लागतं, कधी थंडीच्या दिवसांत वेळ लागतो. तेवढा वेळ मी तिच्या तोंडाकडं बघत राहतो.

"आलंय," ती म्हणते.

मग मी उठतो.